रक्ताला कागद, रॉकेलला डबा

प्रश्न एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा आहे. जुन्या खून खटल्याचे कागद वाचताना त्याला पडलेला: "घटनास्थळावर पोलीस आणि फॉरेन्सिकची माणसं नेमकं काय करतात? आणि रक्तानं भरलेले कपडे जप्त झालेले असूनही सी.ए. रिपोर्टमध्ये, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरच्या, प्रयोगशाळेच्या अहवालात, 'निष्कर्ष काढता आला नाही' असं कसं लिहून येतं?"

मी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत, जीवशास्त्र विभागात 26 वर्षं काम केलं. रक्त, वीर्य, लाळ, केस, नखं. प्रत्यक्ष घटनास्थळी जाणं माझ्या वाट्याला शेवटच्या काही वर्षांतच आलं. त्याआधी घटनास्थळच माझ्या टेबलावर येत असे, खाकी कागदात बांधून, लाखेचं सील लावून. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच उलगडेल.

एक शर्ट मला अजून आठवतो. जुलै महिना, किनारपट्टीच्या तालुक्यातलं प्रकरण. पाकिटाचा कागद कापला आणि आधी वास आला, रक्त कुजल्याचा. तो एकदा नाकात बसला की दुपारच्या डब्यापर्यंत पाठ सोडत नाही. शर्ट ओला असतानाच घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला होता आणि वरून नियमाप्रमाणे खाकी कागद, लेबल, पंचांच्या सह्या, सील, सगळं व्यवस्थित. घडी उलगडली तर पुढचा डाग मागच्या बाजूला उमटलेला, आणि दोन्हींवर हिरवट काळी बुरशी. हा माल आमच्याकडे पोचेपर्यंत जवळजवळ महिना गेला होता. रक्त मानवी आहे एवढं सांगता आलं. गट लागला नाही, डीएनए इतकं तुटलं होतं की प्रोफाइल, म्हणजे माणूस ओळखता येईल असा डीएनएचा नमुना, मिळालं नाही. शिवाय रक्त उडून पडलं होतं, की टेकून लागलं होतं, की पुसलं होतं, हेही त्या घडीनं पुसून टाकलं. मी अहवालात लिहिलं, निष्कर्ष काढता आला नाही. दुसरं काही लिहिणं खोटं ठरलं असतं.

तोच शर्ट बंद खोलीत स्वच्छ कागदावर, सावलीत, रात्रभर पसरून वाळवला असता आणि मग कागदी पाकिटात घातला असता, तर माझी खात्री आहे की त्यातून पूर्ण प्रोफाइल निघालं असतं. वाळलेलं रक्त कागदात वर्षानुवर्षं टिकतं. ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये चार दिवसांत सडायला लागतं. पावसाळ्यात कपडा वाळायला दोन दोन दिवस लागतात हे मला मान्य आहे. पोलीस ठाण्यात जागा नसते, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका, हेअर ड्रायर लावू नका. उष्णतेनं आणि उन्हानं डीएनए तुटतं. पंखा थेट कपड्यावर सोडला तर सुकलेल्या रक्ताची खपली उडते. खाली कागद अंथरायचा आणि कपडा काढताना त्या कागदाचीही घडी करून तो सोबत पाठवायचा, कारण केस आणि माती त्यावरच गळतात.

आता घटनास्थळाकडे येऊ.

सगळ्यात आधी तिथे पोचतो तो तपास अधिकारी नसतो. गावात पोलीस पाटील पोचतो, शहरात बीटवरचा हवालदार. त्यानं पहिली गोष्ट पाहायची ती जीव आहे का. जखमी माणसाला उचलताना पुरावा बिघडला तर बिघडू द्या, त्यात वाद नाही. फक्त काय हलवलं ते लक्षात ठेवून लिहायचं: दार कुणी उघडलं, पंखा कुणी बंद केला, मयताला कुठून कुठे सरकवलं. मला एकदा फोटोंमध्ये रक्तातून ओढल्याचा लांब पट्टा दिसला होता आणि आम्ही त्याच्यावर बराच विचार केला. नंतर कळलं, शेजाऱ्यांनी माणूस ओट्यावर आणला होता, पाणी पाजायला. ते कुणाच्याच जबाबात नव्हतं.

आपल्याकडे घटनास्थळ मोकळं कधीच मिळत नाही. घरचे रडत असतात, गल्ली दारात उभी असते, कुणीतरी मयतावर चादर घातलेली असते. त्या चादरीवरचे केस आणि धागे आता मयताच्या अंगावर गेलेले असतात. घरातल्या कुणी तरी जमीन धुतलेलीही असते, आणि त्या माणसाचा त्यात काही दोष नसतो. दोरी बांधायची, दोरी नसेल तर बाकडी आडवी टाकायची. आत जायला-यायला एकच वाट ठरवायची, शक्यतो आरोपी ज्या वाटेनं गेला असेल ती सोडून. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि वेळ लिहायची, वरिष्ठ अधिकाऱ्यांची सुद्धा. तिथलं संडास-मोरी वापरायची नाही, कारण आरोपीनं हात बहुतेक तिथेच धुतलेले असतात.

धुतलेल्या जमिनीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे लोक फार लवकर हात टेकतात. शहाबादी फरशी वरून चकचकीत झाली तरी सांध्यांत रक्त राहतं. मोरीच्या जाळीखाली राहतं. सारवलेल्या जमिनीत ते वरच्या थरात मुरतं, तो थर पोपडा काढावा तसा खरवडून घेता येतो. पाण्यानं धुतलेल्या जागेवरही ल्युमिनॉल हे रसायन फवारून अंधार केला तर निळसर चमक दिसते. मात्र ब्लीचिंग पावडरनं धुतलं असेल तर ब्लीचही चमकतं, म्हणून चमक दिसली की लगेच रक्त म्हणायचं नाही, तिथला नमुना घेऊन पुढच्या तपासणीला पाठवायचा.

कशालाही हात लावण्याआधी फोटो. आधी लांबून संपूर्ण खोली, मग मधल्या अंतरावरून वस्तू आणि आजूबाजूचं, मग जवळून, पट्टी ठेवून आणि कॅमेरा वस्तूच्या बरोबर समोर धरून. जवळचा फोटो एकदा पट्टीशिवाय आणि एकदा पट्टीसह. खडूनं गोल करायचे ते नंतर. नकाशात प्रत्येक वस्तूचं अंतर दोन न हलणाऱ्या ठिकाणांपासून मोजायचं, भिंतीचा कोपरा किंवा दाराची चौकट. पलंगापासून मोजलेलं अंतर पलंग हलवला की गेलं.

पंचनाम्यात चतुःसीमा मनापासून लिहिल्या जातात, पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस रस्ता. डागांचं वर्णन मात्र "रक्त सांडलेले दिसून आले" एवढ्यावर आटोपतं. किती उंचीवर? भिंतीवर थेंब गोल होते की लांबुळके? शेपूट कुठल्या दिशेला? गोल थेंब सरळ येऊन आदळलेला असतो, लांबुळका तिरपा येतो आणि त्याचं शेपूट तो ज्या दिशेनं निघाला होता ती दाखवतं. माणूस उभा असताना वार झाला की पडलेला असताना, हे पुष्कळदा त्या चार ओळींत ठरतं, आणि पंचनामा लिहिणाऱ्यानं त्या लिहिल्या नाहीत तर भिंत पुढच्या दिवाळीला रंगते.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिनं इथे मोठा फरक केला आहे. कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे आणि त्याचं चित्रीकरण व्हायचं आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करावं लागतं, यादी बनवण्यापासून पंचांच्या सह्यांपर्यंत. हा बदल मला मनापासून आवडला. पंच फितूर झाला तरी चित्रीकरण तिथेच राहतं. आणि आमच्या दृष्टीनं, बांधताना कपडा ओला होता की वाळलेला, हे आता दिसतं.

पुरावा उचलण्यात शिस्त लागते, अक्कलही लागते. फरशीवरचं वाळलेलं रक्त ऊर्ध्वपातित पाण्यानं किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या बोळ्यानं टिपायचं, बोळा वाळवायचा, मग पाकिटात. शेजारच्या स्वच्छ फरशीवरून दुसरा बोळा घ्यायचा, तो कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना. मातीचंही तसंच. पंचनाम्यात "रक्तमिश्रित माती व साधी माती" अशी जोडी दिसते ती त्यासाठीच. साधी माती त्याच जागेची पण डागापासून दूरची हवी. ठाण्याच्या आवारातून उचललेली साधी माती माझ्याकडे आली आहे. रंगावरूनच कळलं, घटनास्थळ काळ्या रानातलं होतं आणि माती तांबडी.

मयताचे कपडे आणि आरोपीचे कपडे एकाच पाकिटात कधीही घालायचे नाहीत. एकाच अधिकाऱ्यानं हातमोजे न बदलता दोन्ही हाताळायचे नाहीत. शर्ट आणि पँटसुद्धा वेगळ्या बांधायच्या. कोयता किंवा चाकू फडक्यात गुंडाळला तर रक्त फडक्याला लागतं आणि ठसे पुसले जातात. तो पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन ठिकाणी बांधून पक्का करायचा, आत हलता कामा नये. पातं धुतलेलं असलं तरी पाठवा. लाकडी मूठ जिथे पात्यात बसते त्या फटीतून मी रक्त काढलेलं आहे. धुतलेल्या पँटच्या शिवणीतून आणि खिशाच्या अस्तरातूनही काढलं आहे. गळफासाची गाठ सोडायची नाही. दोर गाठीपासून लांब कापायचा आणि कापलेली टोकं दोऱ्यानं जोडून ठेवायची, म्हणजे कुठलं टोक आपलं आणि कुठलं मूळचं हे कळतं. पिस्तुलाच्या नळीत पेन घालून ते उचलणं हा प्रकार पडद्यावरच राहू द्या, नळीच्या आतल्या खुणा त्यानं बिघडतात.

जळीताच्या प्रकरणात मात्र सगळा नियम उलटा होतो आणि इथे चांगले अधिकारी चुकतात. रॉकेल किंवा पेट्रोल लागलेली साडी वाळवली आणि कागदात बांधली तर प्रयोगशाळेत नुसती साडी येते, रॉकेल वाटेत उडून जातं. ती लगेच हवाबंद काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या डब्यात घालायची. प्रशिक्षणाला आलेल्या फौजदारांना मी एवढंच पाठ करायला लावत असे: रक्ताला कागद, रॉकेलला डबा. विषबाधेत व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले आतल्या अवयवांचे भाग, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात आणि त्याच मिठाचा एक नमुना वेगळा पाठवतात. तो न पाठवता आलेल्या बरण्या मी शेजारच्या विष विभागात खूप पाहिल्या, पण तो माझा विषय नाही.

बोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2007 मध्ये जर्मनीत हाइलब्रॉन इथे एका महिला पोलिसाचा गोळी घालून खून झाला. गाडीवरून घेतलेल्या नमुन्यात एका अज्ञात स्त्रीचं डीएनए मिळालं. तेच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समधल्या डझनावारी गुन्ह्यांत सापडत गेलं, खुनापासून किरकोळ चोरीपर्यंत. 2009 मध्ये उलगडा झाला. ते डीएनए कापसाचे बोळे पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या एका बाईचं होतं. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएविरहित नव्हे. जंतू मेले तरी डीएनए तिथेच राहतं. 2016 मध्ये यावर आंतरराष्ट्रीय मानक निघालं, आयएसओ 18385. आपल्याकडेही न वापरलेला एक बोळा सोबत पाठवला तर प्रयोगशाळेला हा संशय दूर करता येतो. खर्च एका बोळ्याचा.

आता साखळी, म्हणजे पुरावा कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची सलग नोंद. पाकिटावर लेबल: गुन्हा क्रमांक, कलम, वस्तू कुठून, केव्हा, कुणी उचलली, पंचांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्या. त्यावर लाखेचं सील, आणि त्या सीलचा नमुना पत्रासोबत. माल मुद्देमाल कारकुनाकडे जमा होतो, रजिस्टरला नोंद होते, मग एखादा शिपाई तो घेऊन प्रयोगशाळेत येतो. आम्ही आधी सील बघतो. "सील शाबूत आणि पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे" ही ओळ अहवालात असते, ती वाचताना लोक पुढे जातात. बचाव पक्षाचे वकील तिथेच थांबतात. मला उलटतपासात विज्ञानावर जेवढे प्रश्न आले त्याहून जास्त पाकिटावर आले. माल कोणत्या तारखेला मिळाला? त्याआधी कुठे होता? तुम्हाला माहीत नाही ना? मला खरंच माहीत नसे. ते सांगायचं काम मुद्देमाल कारकुनाचं आणि माल आणणाऱ्या शिपायाचं, आणि त्या दोघांना साक्षीला बोलावलेलंच नसे.

हे प्रश्न पोकळ नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीतल्या छावला प्रकरणातल्या, एका तरुणीच्या अपहरण, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यातल्या, आरोपींना सोडलं, खालच्या न्यायालयांनी फाशीची शिक्षा सुनावलेली असताना. नमुने 14 आणि 16 फेब्रुवारी 2012 ला घेतले गेले आणि 27 तारखेला प्रयोगशाळेत गेले. मधल्या काळात ते ठाण्याच्या मालखान्यात होते, तेव्हा त्यांत छेडछाड झाली नसेल हे मानता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. एका मुलीच्या आईबापांना दहा वर्षांनी हे ऐकावं लागलं. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात त्याच न्यायालयानं डीएनए नमुन्यांसाठी देशभर लागू होणारे निर्देश दिले: नमुना 48 तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची, उशीर झाला तर कारण नोंदवायचं, खटला चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाकीट उघडायचं नाही, आणि नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याचं रजिस्टर दोषसिद्धी किंवा निर्दोष सुटकेपर्यंत ठेवून ते खटल्याच्या कागदांना जोडायचं. ही गोष्ट तीस वर्षं आधी व्हायला हवी होती.

मोबाईल आणि सीसीटीव्हीचं थोडक्यात. जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतंच. आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली, हॅश व्हॅल्यूसह, म्हणजे फाइल बदलली तर बदलणाऱ्या तिच्या ओळख-आकड्यासह, द्यावं लागतं. फूटेज मागायला उशीर करू नये, बहुतेक डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी यंत्रं, काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहितात.

प्रयोगशाळेत काय होतं? आधी कपडा टेबलावर पसरून वर्णन: पुढच्या मधल्या भागावर 0.1 ते 3 सें.मी. व्यासाचे, मध्यम संख्येनं डाग. मग प्राथमिक चाचणी. फिनॉल्फथॅलिन या रसायनाची गुलाबी छटा आली तर रक्त असण्याची शक्यता. काही भाज्यांच्या रसानंही ती येऊ शकते, म्हणून पुढे रक्त मानवी आहे का हे वेगळं तपासतात. मग जुन्या काळी गट, आता डीएनए. तुमच्या कागदांत "मानवी रक्त, गट बी" एवढंच असेल तर त्याला फार वजन नाही. आपल्याकडे साधारण तीन माणसांमागे एकाचा गट बी असतो, कदाचित आरोपीचाही. डीएनएनं माणूस ओळखता येतो, पण तुलनेला मयताचा आणि आरोपीचा नमुना हवा. मयताचं रक्त शवविच्छेदनात घ्यायचं राहून गेलं म्हणून उत्तम प्रोफाइल अहवालात नुसतं पडून राहिलेलं मी पाहिलं आहे. आणि डीएनए कुणाचं हे सांगतं, डाग कधी पडला ते सांगत नाही. मयत आणि आरोपी एकाच घरात राहत असतील तर हा फरक सगळ्यात मोठा.

तुम्ही कागद पुन्हा काढा आणि चार तारखा शोधा: जप्तीची, मुद्देमाल जमा झाल्याची, रवानगीची, प्रयोगशाळेच्या पोचपावतीची. जप्ती पंचनाम्यात कपडे कशात बांधले ते पाहा. मुद्देमाल कारकून आणि माल नेणारा शिपाई साक्षीदारांच्या यादीत आहेत का ते पाहा. मयताचा रक्तनमुना गेला होता का ते पाहा. बहुतेक तुमचं "निष्कर्ष नाही" यांतल्याच एका ठिकाणी सापडेल.

आणि कपडे नष्ट केलेले नसतील तर तेही विचारा. आम्ही तपासणीला डागाचा छोटा तुकडा कापतो, बाकीचा कपडा पुन्हा सील करून परत पाठवतो. एका प्रकरणात एका हवालदारानं मयताची नखं, डाव्या हाताची वेगळी, उजव्याची वेगळी, सोनार देतो तशा कोऱ्या कागदाच्या दोन घट्ट पुड्यांमध्ये बांधून पाठवली होती. पुडीवर बारीक अक्षरात वेळसुद्धा होती. पहिल्या तपासणीत गटाचा निष्कर्ष निघाला नव्हता. काही वर्षांनी न्यायालयाच्या आदेशानं त्याच पुड्या डीएनएसाठी पुन्हा माझ्याकडे आल्या. उजव्या हाताच्या पुडीत दुसऱ्या माणसाचं प्रोफाइल मिळालं.